एकशे एक्क्याण्णव फुटांची वाकडी वाट

सगळ्यात आधी मापं देतो, म्हणजे पुढे वाद नको. फाटकापासून घराच्या पहिल्या पायरीपर्यंत सरळ अंतर एकशे तेवीस फूट. आम्ही पोचलो तेव्हा आखलेली वाट एकशे चौऱ्याऐंशी फूट होती. आम्ही निघालो तेव्हा ती एकशे एक्क्याण्णव झाली होती. मधल्या तीन दिवसांत जे झालं त्यात चूक माझी होती. ती झाकून प्रवासवर्णन लिहायचं तर मग संत्र्यांचंच वर्णन करावं लागेल.

आम्ही म्हणजे मी आणि बायको वसुधा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडच्या श्रूजबरीत राहतो. बांधकामाची एस्टिमेट्स काढणं हा माझा बावीस वर्षांचा धंदा. मुलगी सायली कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला नोकरी करते. तिने आपलं आपण लग्न ठरवलं ते पोन्नप्पाशी, ज्याला घरात आणि ऑफिसात सगळे पोन्नू म्हणतात. पोन्नू कोडव, म्हणजे आपण ज्याला कूर्ग म्हणतो तिथला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत त्याच्या आईवडिलांकडे चार दिवस राहायला जायचं ठरलं. त्यांनी ऑबर्नच्या अलीकडे टेकड्यांत पाच एकर घेऊन त्यावर कूर्गी पद्धतीचं घर बांधलंय, एवढंच मला ठाऊक होतं.

निघण्यापूर्वी सायलीचा फोन आला.

"बाबा, प्लीज, टेप आणू नका."

"कुठली टेप?"

"दोन्ही."

पंचवीस फुटांची खिशातली आणि शंभर फुटांची चामडी डबीतली, अशा दोन्ही मी घेतल्या. विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

गुरुवार

फ्रीमाँटहून अडीच तास. सॅक्रामेंटोपर्यंत सपाट, मग जमीन वर यायला लागते, ओकची झाडं दिसू लागतात, आणि रस्त्याच्या कडेला पाट्या: संत्री, संत्री, ताजी संत्री. कूर्गची संत्री आपल्याकडे माहीत आहेत. पोन्नूच्या वडिलांनी नकाशे, शाळा, दवाखाने काही न बघता संत्री बघून ही जागा घेतली, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं आहे.

वडिलांचं नाव पूवय्या, वय चौऱ्याहत्तर. चार वर्षं पुण्यात होस्टेलवर राहून इंजिनिअर झाले, त्यामुळे त्यांना मराठी येतं. पण ते पन्नास वर्षांपूर्वीचं, मेसमधलं मराठी आहे. फाटकात उभे राहूनच ओरडले, "काय राव जगताप! उशीर केलात! भात संपला!"

भात संपला नव्हता. ते वाक्य त्यांना पाठ होतं इतकंच.

आता घराबद्दल. कोडवांच्या प्रत्येक घराण्याचं एक मूळ घर असतं, त्याला ऐनमने म्हणतात. घराण्यातली माणसं कुठेही राहोत, कितीही बंगले बांधोत, ऐनमने एकच. तिथल्या मधल्या दालनात एक टांगता दिवा असतो, आणि नव्या भाताच्या सणाला, पुत्तरीला, सगळे त्या दिव्यापुढे जमतात. पूवय्यांना नऊ वर्षं तिकडे जाता आलेलं नाही. हृदयाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर वीस तासांच्या विमानाला हो म्हणत नाहीत. म्हणून त्यांनी आपल्या ऐनमनेच्या धर्तीवर, त्याच्या निम्म्या आकाराचं घर इथे बांधलं. खांब, दार, खिडक्यांच्या चौकटी तिकडच्या सुतारांकडून करवून जहाजाने आणल्या.

घर पूर्ण झालं होतं. फक्त मधल्या दालनात छताला एक रिकामा हुक होता. दिवा खोक्यातच होता.

"दादा लावणार," पूवय्या म्हणाले. "लावला तर."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ मंदण्णा, वय एक्क्याऐंशी. घराण्यातला सर्वांत वडील पुरुष म्हणून ते पट्टेदार. दिवा लावायचा मान त्यांचा. कूर्गहून ते ह्यूस्टनला मुलीकडे आले होते आणि शुक्रवारी इथे येणार होते. त्यांना घराचं कळवलं तेव्हा फोनवर एकच वाक्य बोलले होते: "घराण्याला दिवा एक असतो, बाकीच्या ठिकाणी बल्ब असतात." येऊन बघतो, मग ठरवतो, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं होतं. नाही लावला, तर कोट्यवधी रुपयांचं हे घर पूवय्यांच्या दृष्टीने गेस्ट हाऊस ठरणार होतं, आणि पुत्तरीचा नमस्कार याही वर्षी भिंतीवरच्या ऐनमनेच्या फोटोला.

हे ऐकून मी घर बघायला लागलो.

घर पूर्वाभिमुख, साडेतीन फूट उंच जोत्यावर. ओटीला चार लाकडी खांब, खाली चौकोनी, वर निमुळते. खांबाखांबांच्या मध्ये अडीच इंच जाडीच्या एकसंध फळ्या बसायला. त्या फळीला ऐमर म्हणतात. मी बूट काढून सवयीने तिच्यावर टेकलो. ओटीवरची सात-आठ माणसं बोलायची थांबली.

"बाबा," सायली दात न हलवता म्हणाली, "उठा. ती वडीलधाऱ्यांची जागा आहे."

"मी छप्पन्नचा आहे."

"त्यांच्या वडीलधाऱ्यांची."

मी उठलो. पोन्नूची आई देचम्मा हसून म्हणाल्या, "मी बेचाळीस वर्षं वाट बघतेय तिथे बसायची. तुम्ही चार सेकंद बसलात."

मुख्य दार म्हणजे त्या घराचा दागिना. चौकटीवर वेलबुट्टी, वर मध्यभागी कमळ, दोन बाजूंना हत्ती, खाली उंबऱ्याजवळ वेटोळं घातलेले नाग, आणि वेलीवर पोपट. पूवय्या एकेकाचा अर्थ सांगत होते. नाग राखणीला, हत्ती वैभवाला, कमळ शुद्धतेला, पोपट सुगीला. मी पोपट मोजले. डावीकडे अकरा, उजवीकडे बारा.

"हे विषम का?"

"दृष्ट लागू नये म्हणून," पूवय्या गंभीरपणे म्हणाले. "मुद्दाम उणं ठेवायचं."

"मी गेले होते ना तिकडे काम बघायला. सुताराला जेवायला हाक मारली," देचम्मा आतून म्हणाल्या. "तेव्हा अकरावा चालला होता. जेवून आला तो दुसऱ्या बाजूला बसला."

"अगं, पाहुण्यांसमोर तरी..."

"आणि पोपटच का? त्याला मोर जमत नव्हता."

या दोघांचं असं प्रत्येक नक्षीबद्दल होतं. नंतर नंतर मी वहीत दोन रकाने पाडले.

त्या दाराची उंची पाच फूट दोन इंच. घरात शिरताना मान वाकलीच पाहिजे, हा त्यातला हेतू. माझी उंची पाच नऊ. पहिल्या दिवशी तीनदा आपटलो. पण काउंटीच्या नियमांना वाकणं मान्य नाही. बाहेर पडायचं दार साडेसहा फूट हवं, असं इन्स्पेक्टरने सांगितलं. तेव्हा स्वयंपाकघराच्या मागे एक साधं पांढरं उंच दार बसवलं आणि कागदोपत्री तेच मुख्य दार. नागांचं, हत्तींचं, तेवीस पोपटांचं दार प्लॅनमध्ये 'शोभेचं' म्हणून मंजूर झालेलं आहे.

आत मधलं दालन. नैर्ऋत्येला एक खांब, तो घराचा पहिला उभा केलेला खांब, पूजेचा. आणि छताला तो रिकामा हुक. हुकाच्या शेजारी आगीसाठीचा पाण्याचा फवारा. इथे नव्या घराला तो लावावाच लागतो. म्हणजे दिवा टांगायचा, आणि जवळच दिवा विझवायची सरकारी सोय. मी टेप काढली. सायलीने डोळे मिटले.

जेवणाबद्दल सांगायलाच हवं. त्या दिवशी टर्की होती, ती कोणी फारशी खाल्ली नाही. खरं जेवण म्हणजे पंधी करी, म्हणजे डुकराचं मटण, काळं, आंबटसर, आणि त्याबरोबर कडंबुट्टू, तांदळाच्या कण्यांचे उकडलेले गोळे. मी तीनदा घेतलं. चौथ्यांदा घेतलं ते आग्रहाखातर. वसुधाचा नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. उपास आहे म्हटल्यावर देचम्मा गडबडल्या, आणि मग जे जे आणून ठेवतील त्यात तांदूळ. शेवटी वसुधाने संत्री खाल्ली. चौदा.

पण माझं लक्ष अडकलं होतं बाहेर, वाटेवर.

ऐनमनेला सरळ वाट नसते. दोन बांधांच्या मधून वळत वळत जाणारी अरुंद गल्ली असते, तिला ओणी म्हणतात. फाटकातून घर दिसता कामा नये. पूवय्यांनी त्यांच्या आवारात तीन वळणांची ओणी आखली होती, दोन्ही कडांना पुढे रोझमेरीची झुडपं लावणार होते. तूर्त तिथे नुसतं गवत आणि मध्यरेषेवर चार-चार फुटांवर रोवलेले केशरी झेंडे होते. मुरूम शुक्रवारी येणार होता.

"एकसष्ट फूट वाचतील," मी पूवय्यांना म्हटलं.

"कसले?"

"वाट सरळ नेली तर. एक तृतीयांश काम."

पूवय्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "जगताप, पूर्वी शत्रू यायचे. सरळ वाटेने धावत येतील ना."

देचम्मा म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा तिकडच्या ओणीला चार वळणं होती. प्रत्येक वळणावर वाटायचं, आलं घर. आणि प्रत्येक वळणावर रडू यायचं. घरापाशी पोचले तोवर रडू संपलं होतं. बरं झालं."

"मग इथे तीनच का?" मी विचारलं.

"मध्ये तो ओक आहे. कापायला परवानगी नाही," पूवय्या म्हणाले, आणि विषय संपला.

शुक्रवार

मंदण्णांचं विमान सॅक्रामेंटोला साडेदहाला उतरणार होतं. रस्ता चाळीस मिनिटांचा. पूवय्या साडेसातला निघाले. जाताना मला म्हणाले, "डेल दहा वाजता मुरूम घेऊन येईल. त्याला फक्त झेंडे दाखवा. बाकी त्याला समजतं."

दहाला अडीच तास होते. माझ्या डोक्यात एक चांगला विचार आला. घराचा आणि वाटेचा मापाबरहुकूम नकाशा काढून तो व्याह्यांना भेट द्यावा. वाकडी वाट मोजायची आमच्याकडे एक साधी पद्धत आहे: एक सरळ आधाररेषा मारायची, आणि त्या रेषेपासून प्रत्येक खुणेचं काटकोनातलं अंतर मोजायचं. रेषेसाठी आपल्याकडे चुन्याची फक्की मारतात. फक्की इथे कुठून आणणार? स्वयंपाकघरात ओट्टीसाठी, म्हणजे त्यांच्या तांदळाच्या भाकरीसाठी, ठेवलेली पिठाची पिशवी दिसली. देचम्मा अंघोळीला गेल्या होत्या. मी सव्वा किलोच्या आसपास पीठ घेतलं आणि फाटकापासून पायरीपर्यंत दोरी ताणून एक सुंदर पांढरी रेघ मारली. एकशे तेवीस फुटांत कुठे अर्धा इंचही सरकली नव्हती.

मग एकेका झेंड्याचं अंतर मोजलं. एकच झेंडा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून मोजून झाला की उपटून पिशवीत टाकत गेलो. सत्तेचाळीस झेंडे, सत्तेचाळीस नोंदी. आठ वाजून दहा मिनिटांनी काम संपलं. हात मातीने भरले होते. अंघोळ करून येतो, झेंडे परत रोवतो, मग रेघ झाडूने पुसतो, असं ठरवून मी आत गेलो.

डेल सव्वाआठला आला.

मी डोक्याला टॉवेल बांधून बाहेर आलो तेव्हा त्याचा ट्रक पायऱ्यांपाशी पोचलेला होता आणि तो खाली उतरून समाधानाने मागे बघत होता. फाटकापासून घरापर्यंत सहा फूट रुंद, पिवळट मुरुमाचा पट्टा. विमानतळाच्या धावपट्टीसारखा.

"थांबा!" मी ओरडलो.

"झालं!" तो म्हणाला. धिप्पाड, भुवयासुद्धा धुळीने भरलेल्या. "काम बाकी छान झालं. माल जरा जास्त होता, म्हणून जाड टाकला."

मी टेप लावली. साडेचार इंच. तीन इंच हवा होता. वाट एकसष्ट फूट आखूड झाल्याने हिशेब बरोबर जुळत होता.

"पण झेंडे... वाट वाकडी होती..."

"झेंडे कुठेयत?"

झेंडे माझ्या पिशवीत होते.

"मला जमिनीवर पिठाची रेघ दिसली," डेल म्हणाला. "म्हटलं, तुमच्यात काहीतरी धार्मिक असेल. उद्या सण आहे म्हणाले होते. म्हणून मी एक इंचही इकडेतिकडे होऊ दिलं नाही." आणि थोडा वाकून हळूच म्हणाला, "रेघेवरून चाक नेलं नाही हो, दोन्ही चाकांच्या मध्ये ठेवली."

इतक्या श्रद्धेने केलेल्या कामाला काय म्हणणार? दुसरीकडे काम आहे म्हणून तो निघून गेला.

ओटीवर माणसं जमली. घराण्यातले, वेगवेगळ्या गावांतून आलेले, आम्ही तिघं धरून एकूण तेवीस. कोणी ब्रश तोंडात धरून, कोणी ब्लँकेट गुंडाळून. देचम्मा बाहेर आल्या, धावपट्टीकडे पाहिलं, मग घाईत पुन्हा चढवलेल्या, पीठ सांडलेल्या माझ्या पायजम्याकडे.

"माझं ओट्टीचं पीठ?"

"हो."

"सगळं?"

"सव्वा किलो."

वसुधा म्हणाली, "अहो, तुम्हाला घरी काही मोजायला कमी होतं का?"

सायली खाली पायरीवर बसली. पोन्नूने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अंकल, मोठे काका बारापर्यंत पोचणार. काय करायचं?"

बाकी काही नसलं तरी माझ्याकडे वही होती. सत्तेचाळीस नोंदी होत्या. मी झेंडे परत रोवायला सुरुवात केली. प्रत्येक झेंडा आपल्या जुन्या भोकात जाऊन बसत होता. मुरूम दोनशे शहात्तर घनफूट. ढकलगाडीत चार घनफूट, म्हणजे एकोणसत्तर फेऱ्या. हे मी मोठ्याने सांगितलं. ढकलगाड्या दोनच होत्या. शेजारणीकडून तिसरी आली, तिच्याबरोबर शेजारणीचे दोन घोडे कुंपणापाशी बघायला आले. फावडी चार. उरलेल्यांनी निळी ताडपत्री, सूटकेसचं झाकण, टर्कीचा मोठा ट्रे, जे मिळेल ते घेतलं. सॅन डिएगोहून आलेली एक डॉक्टरीणबाई पायजम्यावरच बर्फाच्या खोक्यातून मुरूम ओढत होती आणि दर फेरीला मला म्हणायची, "काका, किती राहिल्या?"

"अठ्ठेचाळीस."

"यार, खोटं तरी सांगा!"

बारा वाजायला दहा कमी असताना गाडी फाटकात आली. तोवर पहिलं वळण झालं होतं आणि घराजवळचा थोडा भाग. मध्ये धावपट्टी तशीच.

पूवय्या आधी उतरले. त्यांनी पाहिलं. माझ्याकडे बघून फक्त म्हणाले, "काय राव." त्यात उद्गार नव्हता.

मग मंदण्णा उतरले. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा, हातात काठी. फाटकातून घर स्वच्छ दिसत होतं: चार खांब, दार, हत्तीसुद्धा. त्यांनी काठी घराकडे रोखली.

"हे दुकान आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "रस्त्यावरून काउंटर दिसतोय."

मी पुढे झालो. "सर, चूक माझी आहे. वाट वाकडीच होती. मी मोजताना सरळ झाली."

"तुम्ही कोण?"

"मुलीचा बाप."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. टॉवेल अजून डोक्यालाच होता. "मोजत का होतात?"

याचं उत्तर मला आजवर वसुधालाही देता आलेलं नाही. मी म्हटलं, "सवय आहे."

ते सरळ वाटेवर पाऊल ठेवायला तयार नव्हते. बाजूच्या गवतातून या म्हटलं तर म्हणाले, "मी या घरी चोरासारखा शिरत नाही." फाटकाशी खुर्ची मागवली आणि बसले. पूवय्या त्यांच्या शेजारी उभे राहिले, हात मागे बांधून, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मला आजवर कुठल्याही चुकीच्या आकड्याने इतकी लाज आणली नव्हती.

आम्ही परत फावडी उचलली. दुसरं काय करणार? मंदण्णा बघत होते. अर्ध्या तासाने त्यांनी काठीने एकाला खुणावलं, "ती कड ढासळतेय." मग, "पाणी मारा, दाबा." मग पोन्नूला, "फावडं असं धरतात? अमेरिकेत हात नसतात का?" देचम्मांनी तिथेच संत्री नेऊन दिली. सोलत सोलत त्यांचं चालूच होतं. मी एकदा त्यांच्या समोरून गाडी ढकलत गेलो तर म्हणाले, "मुलीचे बाप, कितवी?"

"सेहेचाळिसावी."

"चव्वेचाळिसावी. चार वेळा तुम्ही अर्धी नेलीत."

म्हणजे तेही मोजत होते.

दोन वाजून गेल्यावर तीन वळणांची वाट पुरी झाली. एकोणसत्तर म्हटल्या होत्या, फेऱ्या एकाहत्तर झाल्या. पूवय्या म्हणाले, "दादा, चला."

मंदण्णा उठले, फाटकातून आत आले, पहिलं वळण चालले, दुसरं चालले आणि ओकपाशी थांबले.

"तिकडे चार आहेत."

"हो दादा. पण इथे झाड..."

"झाड तुझ्या वाटेत आलंय की तुझी वाट झाडाच्या?"

आणि त्यांनी काठी जमिनीत रुतवली, ओकच्या मागच्या बाजूने ओढत निघाले. हळू, थांबत, मुळं चुकवत. त्यांच्या मागे मातीत एक नागमोडी रेघ उमटत गेली. पूवय्यांनी एक झेंडा उपटला आणि त्या रेघेवर रोवला. मग दुसरा. ऑपरेशननंतर त्यांना वजन उचलायला बंदी आहे. झेंडा उचलायला नाही. मागून मी टेप धरली, आणि माझ्यामागे बाकीचे मुरूम घेऊन. या वेळी मी पुढे चाललो नाही.

चौथं वळण साडेचारला पूर्ण झालं. वाट एकशे एक्क्याण्णव फूट, मुरमाची जाडी दोन पूर्णांक नऊ दशांश इंच. मंदण्णा ती सबंध चालत घरापर्यंत आले, पायऱ्या चढले, ऐमरवर बसले आणि पाणी मागितलं. दिव्याबद्दल अक्षर नाही. रात्री जेवून ते झोपायला गेले. ओट्टी कमी पडली. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवार

तिथीने पुत्तरी पुढच्या आठवड्यात होती, पण आपला गणपती जसा इथे शनिवारी येतो तशीच ती पण. सकाळपासून सगळे दाराला, खांबांना बांधायला पाच प्रकारच्या पानांच्या जुड्या करत होते. आंब्याचं पान गॅरेजमधल्या कुंडीतल्या रोपाचं, पिंपळाचं सॅक्रामेंटोच्या एका मैत्रिणीकडचं. उरलेली तीन कॅलिफोर्नियाची: संत्रं, अंजीर आणि तोच ओक. पूवय्या म्हणाले, ओक चालेल, टिकाऊपणाचं चिन्ह आहे. देचम्मा म्हणाल्या, जवळ होता म्हणून.

भात कापायला शेत हवं. पूवय्यांनी मुलांच्या पोहण्याच्या तीन निळ्या प्लास्टिकच्या हौदांत भात लावला होता. तळाशी डॉल्फिन छापलेले. संध्याकाळी मंदण्णा गुडघ्यापर्यंतचा काळा झगा, लाल शेला आणि कमरेला चांदीची कट्यार अशा पोशाखात त्या हौदापाशी वाकले आणि विळ्याने लोंब्या कापल्या. बंदुकीचा बार काढायची पद्धत आहे, पण शेजारणीच्या घोड्यांचा विचार करून पोन्नूने गाडीचा हॉर्न तीनदा वाजवला. "पोली पोली देवा," सगळे ओरडले, म्हणजे देवा, वाढ होऊ दे. वसुधा सगळ्यांत मोठ्याने ओरडली. मार्गशीर्षभर तिचं सामिष बंद, त्यामुळे ती तीन दिवस फक्त संत्र्यांवर होती असं म्हणायला हरकत नाही.

लोंब्या डोक्यावर घेऊन मिरवणूक निघाली. घर समोर वीस फुटांवर होतं. पण मंदण्णा उलटे वळले, फाटकापर्यंत गेले, आणि तिथून चार वळणं घेत घराकडे निघाले. त्यांच्या मागे आम्ही चोवीस जण, एकामागे एक. प्रत्येक वळणावर घर दिसेल असं वाटायचं आणि दिसायचं नाही.

दारात वाकलो. मीसुद्धा, न आपटता.

दालनात दिवा खोक्यातून काढून साखळीने हुकाला टांगलेला होता. पितळेचा, तेल-वात घातलेला. ते पूवय्यांनी केलं होतं, काही न विचारता. त्यांचा हात दाराच्या चौकटीवर होता आणि बोटं एका पोपटावरून पुढे-मागे होत होती. मंदण्णांनी दिव्याकडे पाहिलं, मग वर.

"ते काय?"

"फवारा," पूवय्या म्हणाले. "आग लागली तर पाणी. कायदा आहे, दादा."

"दिव्याच्या डोक्यावर पाणी?"

मंदण्णा वळले. "मुलीचे बाप."

"जी."

"यात आणि दिव्यात अंतर किती?"

मी गुरुवारीच खोक्यातल्या साखळीची लांबी धरून मोजलं होतं. "चार फूट दोन इंच. ज्योतीपासून."

"पुरेल?"

"एका वातीला पुरेल."

"एकच वात असते," ते म्हणाले, काडी ओढली आणि दिवा लावला.

घर पसंत आहे, असं ते म्हणाले नाहीत. नंतर जेवताना एवढंच म्हणाले की डावीकडे एक पोपट कमी आहे. पूवय्या दिव्यापुढे वाकले. मी एरवी सगळं मोजतो, पण ते किती वेळ वाकून होते ते मोजलं नाही.

श्रूजबरी

परतल्यावर आठवड्याने पहिला बर्फ पडला. सात इंच. आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत अडतीस फूट. बावीस हिवाळे मी तिथे दोरीत आखल्यासारखी वाट काढत आलोय. मी फावडं घेऊन निघालो. अर्ध्यावर आल्यावर वसुधाने खिडकी उघडली.

"अहो, वाकडं काढताय."

"हो."

ती खिडकीतून बाहेर वाकली. "किती जास्त पडेल?"

"साडेचार फूट," मी म्हटलं आणि वळण घेतलं.